मातीचा ट्रॅक, कोकणची हवा आणि आरसी बगीचे टायर

लाल_माती
४ डिसेंबर, रात्री ९:१२

रिमोटवर चालणाऱ्या १/१० मापाच्या टूडब्ल्यूडी (फक्त मागची दोन चाकं ओढणाऱ्या) इलेक्ट्रिक बगीसाठी टायर निवडायचे आहेत. रिम २.२ इंची, हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) १२ मिमीचा. ट्रॅक २० बाय १२ मीटर, रत्नागिरीच्या दक्षिणेला, भातखाचराच्या कडेला. वरचा थर गाळलेल्या लाल मातीचा. पाऊस गेल्यावर खळं करतात तसा पाणी मारून, चोपण्याने चोपून घट्ट केलेला.

सकाळी गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते. अकरानंतर तेच टायर तेल सांडल्यासारखे घसरतात. संध्याकाळी पाणी मारलं की ग्रीप इतकी वाढते की वळणावर गाडी कुशीवर पलटी होते. सध्या गाडीसोबत आलेलेच उंच पिनांचे (रबरी खुंट्यांचे) टायर आहेत. दुकानदार म्हणतो 'क्ले टायर' घ्या. पण क्ले टायर म्हणजे नेमकं काय आणि आपल्या मातीला ते लागू पडतात का? तीनच जोड परवडतील. कोणते घ्यावेत?

---

खळेकर
४ डिसेंबर, रात्री १०:०५

आधी 'क्ले' हा शब्द बाजूला ठेवा. टायरांच्या पाकिटावर जे क्ले लिहिलेलं असतं ते बहुतेकदा अमेरिकेतल्या बंदिस्त हॉलमधल्या ट्रॅकचं वर्णन असतं. तिथे छप्पर असतं, माती बारीक आणि एकसारखी असते, ओल दिवसभर सांभाळलेली असते, काही ठिकाणी साखरेचं पाणीही मारलेलं असतं. त्यावर जवळजवळ गुळगुळीत टायर आणि लोण्यासारखं रबर चालतं.

आपली लाल माती जांभ्यापासून झालेली. तिच्यात चिकणमातीचा अंश आहे, पण तो केओलिनाइट जातीचा. पाणी पिऊन तो फारसा फुगत नाही, वाळून भेगाही फार पडत नाहीत. ट्रॅकसाठी ही चांगलीच गोष्ट. वाईट भाग म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे कडक बारीक खडे. कितीही गाळली तरी थोडी कचकच राहतेच, आणि ती मऊ रबर किसणीसारखं किसते. त्यामुळे पहिला नियम असा: हॉलसाठी बनवलेलं कंपाउंड (रबराचं मिश्रण) उघड्या लाल मातीवर वापरायचं तर ते लवकर संपणार हे धरूनच वापरायचं.

दुसरं म्हणजे तुमचा ट्रॅक एक नाही, तीन आहेत. सकाळी दंवाने ओलसर, दुपारी कडक तळावर सुटी धूळ, संध्याकाळी पाणी मारून बसलेला. एकाच टायरकडून तिन्ही वेळची अपेक्षा ठेवली तर निराशाच होणार.

---

घाटावरचा
४ डिसेंबर, रात्री १०:३१

सरळ मिनी पिन (छोट्या दाट पिनांचे टायर) घ्या, सर्वांत मऊ कंपाउंडमध्ये. आमच्याकडे काळ्या मातीच्या ट्रॅकवर हिवाळाभर तेच चालतं.

---

खळेकर
४ डिसेंबर, रात्री १०:४४

@घाटावरचा, काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. ओल मिळाली की ती फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते. तुमच्याकडे टायरला मातीच पकडते. इथे टायरने मातीला पकडायचं आहे. तुमचा सल्ला सकाळी नऊपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

---

घाटावरचा
४ डिसेंबर, रात्री १०:५२

मान्य. पण चिकणमाती किती आहे हे मोजल्याशिवाय वाद कशाला? काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. दोन मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा दोनेक तासांत. जे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं त्यात चिकणमाती. सगळं बसलं की तिन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. पटकन हवं असेल तर ओली माती तळहातावर वळून ३ मिमी जाडीची वात करा. वात न तुटता झाली तर माती बांधून राहणारी आहे. तुटत राहिली तर वाळू जास्त, आणि मग कुठलाही टायर घाला, दुपारी धूळ उडणारच.

---

पिन_बदल
५ डिसेंबर, सकाळी ७:२०

टायरमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या निवडायच्या असतात: नक्षी, रबराचं कंपाउंड, आतला फोम आणि किती झिजवलेला टायर आहे ते. लोक पहिलीवर सगळे पैसे घालतात आणि चौथीकडे बघतही नाहीत.

नक्षीचं गणित साधं आहे. पिनेचं काम वरची सुटी माती भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचं. सुटा थर जितका जाड तितकी पिन उंच आणि दोन पिनांमधली जागा मोठी, म्हणजे माती अडकून बसत नाही. सुटा थर नसेलच तर उंच पिनेला भेदायला काही नसतं. मग ती नुसती वाकते. गाडी वळणात 'हो' म्हणते आणि अर्ध्या सेकंदाने वळते. वाकून वाकून पिन मुळाशी गरम होते आणि तुटते. लाल_माती यांच्या टायरांवर मागच्या मधल्या रांगेतल्या पिना मुळाशी चिरलेल्या दिसत असतील तर कारण हेच.

ढोबळ क्रम सांगतो, ओल्या चिखलापासून आरशासारख्या घट्ट मातीपर्यंत: उंच विरळ पिन, मग दाट छोट्या पिना (प्रो-लाइनचा होल शॉट हे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण), मग बुटके ठोकळे (जेकॉन्सेप्ट्सचे डबल डीज), मग जाळीसारखी उथळ नक्षी (डर्ट वेब्ज), शेवटी बिननक्षीचा स्लिक. ट्रॅकवर रेसिंग लाइनचा, म्हणजे गाड्या नेहमी जातात त्या वाटेचा, गडद, तुकतुकीत पट्टा दिसायला लागला की त्याला ब्लू ग्रूव्ह म्हणतात. त्यात टायरांचं रबर मातीत मुरलेलं असतं. लाल मातीवर तो निळा बिळा दिसत नाही, चॉकलेटी दिसतो. त्या पट्ट्यावर पिनांचं काम संपतं आणि रबराचा मातीला होणारा स्पर्श महत्त्वाचा ठरतो. स्पर्श वाढवायचा तर नक्षी उथळ हवी.

---

अडाणी_प्रश्न
५ डिसेंबर, सकाळी ८:०२

टायरच्या नावापुढे हिरवं, निळं, सोनेरी असं लिहिलेलं असतं ते काय असतं? टायर तर सगळे काळेच दिसतात.

---

पिन_बदल
५ डिसेंबर, सकाळी ८:३५

रंग हे कंपाउंडचं नाव असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. जेकॉन्सेप्ट्समध्ये निळं म्हणजे मऊ आणि हिरवं म्हणजे अतिमऊ, ही दोन्ही बाहेरच्या ट्रॅकसाठी. सोनेरी आणि चंदेरी हे हॉलमधल्या मातीसाठी. प्रो-लाइनमध्ये एम३ मऊ, एम४ अतिमऊ, आणि एमसी हे खास क्लेसाठीचं. तिथे आकडा वाढला की रबर मऊ होतं. एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीला लावू नका, उलटा अर्थ निघू शकतो.

मऊ म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. रबराला काम करायची एक तापमानाची पट्टी असते. एप्रिलच्या दुपारी लाल मातीचा पृष्ठभाग चाळिशीच्या बराच वर जातो. तिथे अतिमऊ रबर वितळल्यागत चिकट होतं, त्याच्या बारीक गोळ्या सुटतात आणि गाडी त्याच गोळ्यांवर घसरते. हिवाळ्यात सकाळी सात वाजता निळं कंपाउंड लाकडासारखं वागतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर जमीन आणि गाडी आत आल्याबरोबर टायर, दोन्ही मोजून वहीत लिहा. आठवड्याभरात तुमच्या ट्रॅकचा तक्ता तयार होतो, तो कुठल्याही पाकिटावरच्या सल्ल्यापेक्षा खरा.

---

वायच_थांब
५ डिसेंबर, दुपारी १:१५

थर्मामीटर नसलो तरी चालता. हात आसा मा? मातयेर तळहात घासा आणि बगा. हातार पीठ इला तर धूळ, कचकच इली तर खडी, काय्येक इला नाय आणि हात थंड लागलो तर ग्रीप आसा. तेच्यानंतर दोन फेऱ्यो मारून टायर बगा. पिनेच्या टोकार माती बसली आसात तर पिन भेदता हा पण माती सोडना नाय, वायच विरळ पिन होयी. टोकां फाटली तर रबर मऊ पडला. टायर काळो स्वच्छ, मॅट दिसता तर तोच बरो. बदलू नको.

---

खळेकर
५ डिसेंबर, दुपारी २:४०

हातचाचणीला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त ती वळणाच्या आत, उडीच्या पायथ्याशी आणि ब्रेक मारण्याच्या जागी, अशा तीन ठिकाणी करा. सरळ रस्त्यावर सगळ्याच ट्रॅकची ग्रीप बरी लागते.

आता मूळ प्रश्न, तीन जोड. माझी निवड अशी:

सकाळच्या ओलसर मातीसाठी आणि पाऊस नुकताच सरला असताना: दाट मध्यम पिना, हिरवं किंवा एम४. दंव असलं की सकाळी हाच जोड.

दुपारच्या कडक-धुळकट अवस्थेसाठी: छोट्या दाट पिना, पण निळं किंवा एम३. इथे बहुतेकांची चूक होते. घसरतंय म्हणून अजून मऊ रबर घालतात. घसरण्याचं कारण रबर नाही, मधे आलेली पिठासारखी धूळ आहे. आधी झाडूने लाइन झाडा. खराट्याने नाही, मऊ केरसुणीने. खराटा तळ उकरतो आणि नवी धूळ तयार करतो.

तिसरा जोड विकत घेऊ नका. पहिल्या जोडाच्या पिना अर्ध्यावर आल्या की तोच तिसरा. संध्याकाळच्या चॉकलेटी पट्ट्यावर अर्धा झिजलेला हिरवा जोड नव्या महागड्या जोडाला मागे टाकतो. वाचलेल्या पैशांत चांगले फोम आणि पुढचे टायर घ्या.

---

लाल_माती
५ डिसेंबर, रात्री ८:५०

हे सगळं मागच्या टायरांबद्दल समजलं. पुढे काय घालायचं? आणि पलटी होण्याचा उपाय?

---

पिन_बदल
५ डिसेंबर, रात्री ९:२६

टूडब्ल्यूडीचे पुढचे टायर अरुंद असतात आणि ते ओढत नाहीत, फक्त दिशा देतात. फोरडब्ल्यूडीचे पुढचे रुंद टायर त्यावर बसत नाहीत. मागवताना पाकिटावर २डब्ल्यूडी फ्रंट लिहिलेलं आहे का ते बघा. बाहेरून मागवलेला चुकीचा जोड परत पाठवणं म्हणजे टायरपेक्षा पोस्टाचा खर्च जास्त.

पुढच्या नक्षीत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या कडा महत्त्वाच्या. त्याच आडवं घसरणं रोखतात. घट्ट मातीवर सलग पट्ट्यांची नक्षी, धुळीवर तुटक ठोकळ्यांची. एकच नियम कधी मोडायचा नाही: पुढची ग्रीप मागच्यापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. नवे मऊ पुढचे टायर आणि गुळगुळीत झालेले मागचे, अशी जोडी लावली की गाडी वळणात शेपूट पुढे आणते, आणि चालवणारा डिफच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या) तेलाला दोष देत बसतो.

पलटी होते ती बहुतेक वेळा पुढचा बाहेरचा टायर बाजूच्या भिंतीवर दुमडून मातीत रुततो म्हणून. तीन उपाय, या क्रमाने. आधी पुढचे टायर झिजलेले घाला. मग फोम कडक घाला, म्हणजे भिंत दुमडणार नाही. तरीही पलटली तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर, नक्षी संपते तिथून खाली, पातळ सीए (सायनोअॅक्रिलेट) ग्लूची ३-४ मिमी रुंद रेघ फिरवा. वाळल्यावर ती कडा कडक आणि निसरडी होते, रुतण्याऐवजी सरकते. नक्षीवर ग्लू आला तर तो टायर गेला. म्हणून आधी मास्किंग टेप लावा.

---

सुरमई_तवा
६ डिसेंबर, सकाळी ६:४८

ग्लूचा विषय निघालाच आहे तर कोकणापुरतं वेगळं सांगणं भाग आहे. टायर कितीही चांगला निवडा, रिमवरून सुटला तर शर्यत संपली.

सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. फेव्हिक्विकही त्याच जातीचा. कोरड्या हवेत पातळ ग्लू बीडच्या (रिमच्या खाचेत बसणाऱ्या टायरच्या कडेच्या) फटीत आपोआप ओढला जाऊन लांबवर पसरतो. आपल्याकडे भरतीच्या वाऱ्यात तो दोन बोटं अंतर जायच्या आत धरतो. म्हणून एका जागी भरपूर ओतून पसरण्याची वाट बघायची नाही. जास्त ओतला की कडेला पांढरी भुकटी येते, ती हवेतल्या ओलाव्याने घट्ट झालेल्या ग्लूच्या वाफेची. दिसायला वाईट, आणि तिथे जोडही ठिसूळ असतो.

क्रम असा:

रिमची बीड बसते ती खाच २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासा, चमक गेली की पुरे. रिम आणि टायरची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर असतो, सुटणाऱ्या दहा टायरांपैकी बहुतेक त्यामुळेच सुटतात. पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं, विशेषतः माझं नाव वाचून ओळखा.

फोम टायरमध्ये घाला. जोड असलेला फोम असेल तर जोडाची जागा चारही टायरांत सारखी ठेवा. टायर रिमवर चढवा, मग दोन्ही तळहातांत धरून पोळीसारखा फिरवत दाबा, म्हणजे आत मुडपलेला फोम सरळ होतो. फोम मुडपलेला राहिला की गाडी सरळ रस्त्यावर थरथरते आणि आपण चाकाचा हब बदलत बसतो. नक्षीची दिशा आत्ताच तपासा. भिंतीवर बाण असतो.

बीड खाचेत सगळीकडे बसली की टायर बँड (टायर रिमवर दाबून धरणारा रबरी पट्टा) लावा. आता घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊ या जागी भिंत अंगठ्याने किंचित मागे ओढून एकेक थेंब. दहा सेकंद दाबून धरा. मग त्या चार जागांच्या मधे पुन्हा एकेक थेंब, मग उरलेल्या फटी. दहा मिनिटांनी पालथा करून दुसरी बाजू. शेवटी भिंत सगळीकडून अंगठ्याने ओढून बघा, जिथे फट उघडेल तिथे पुन्हा.

बाटली न उघडलेली असेल तर फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं आणि पुढच्या वेळी बाटलीत दगड मिळतो. उघडलेली बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत. पावसाळ्यात पुड्या अधूनमधून तव्यावर मंद तापवून कोरड्या करा, फक्त सुरमई काढल्यावर तवा धुवा.

---

अडाणी_प्रश्न
६ डिसेंबर, सकाळी ९:१०

रिमला भोकं असतात ती का? ती बुजवायची म्हणतात काही जण.

---

सुरमई_तवा
६ डिसेंबर, सकाळी ९:३३

टायर दाबला की आतली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर तो फुग्यासारखा उसळतो आणि गाडी उडीनंतर चेंडूसारखी नाचते. पण रिमच्या भोकातून ओलसर माती आणि पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, कारण गाडी पळताना ते बाहेरच्या बाजूला, टायरच्या पोटाला फेकलं जातं. म्हणून ओल्या ट्रॅकवर रिमची भोकं टेपने बुजवा आणि टायरलाच, नक्षीच्या बरोबर मधे, समोरासमोर दोन भोकं पाडा. २ ते ३ मिमी, चामड्याच्या पंचने. सुईने टोचलेलं छिद्र पुन्हा मिटतं, आणि चाकूने मारलेला काप फाटत जातो. भोक मारल्यावर पळताना पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं.

---

वायच_थांब
६ डिसेंबर, सकाळी ९:५०

आणि फोम बंद पेशींचोच घेवा. गाडीबरोबर येता तो उघड्या पेशींचो स्पंज पाणी पिता. एका चाकात पाणी, दुसऱ्यात नाय, मगे गाडी खडपातल्या होडीसारखी डुलता. पावसाळ्यात तेका वासय येता, तो वेगळोच.

---

पिन_बदल
६ डिसेंबर, सकाळी १०:१५

+१. बंद पेशींचा साच्यातला फोम महाग वाटतो, पण टायर संपल्यावर काढून पुढच्या टायरला वापरता येतो. रिमही वाचते. जोड सोडवायचा तर टायर-रिम उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवा, ग्लू कमजोर होतो, मग चिमट्याने बाहेर काढून जाड हातमोजे घालून सोलून काढा. अ‍ॅसिटोननेही सुटतो, पण त्यात फोम खराब होतो आणि बंद खोलीत ते करू नये. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरलंत तर जबाबदारी तुमची.

फोमच्या कडकपणाबद्दल: खाचखळग्यांचा ट्रॅक असेल तर मऊ, सपाट आणि जास्त ग्रीपचा असेल तर कडक. वेगात मागचा टायर मधोमध फुगून उंच होतो आणि मातीला फक्त मधली पट्टी टेकते, ते मऊ रबर आणि ढिला फोम एकत्र आल्याचं लक्षण. मधल्या पिना आधी झिजल्या की समजा फुगतोय. आतली कड आधी झिजली तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) जास्त आहे. मागे उणे १ ते २ अंशांत ठेवा आणि मग बोला.

---

घाटावरचा
६ डिसेंबर, दुपारी १२:२०

ट्रॅकवर साखरेचं पाणी मारायचं का? आमच्याकडे काकवी पातळ करून मारता येईल, स्वस्त पडते. धूळ बसते.

---

खळेकर
६ डिसेंबर, दुपारी १२:५८

मारा, पण टायरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. साखर मातीचे कण धरून ठेवते आणि हवेतला ओलावा ओढते. कोरड्या हवेत ट्रॅक कडक होतो, दमट हवेत चिकट. किनाऱ्यावर संध्याकाळी वारा समुद्राकडून आला की तोच ट्रॅक अर्ध्या तासात बदललेला असेल. मग पिन नकोच, झिजलेले किंवा स्लिक घाला, पुढच्या टायरला सीएची रेघ ठेवा आणि प्रत्येक हीटनंतर (शर्यतीच्या एका फेरीनंतर) टायर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर साखरेचा थर वाळून काचेसारखा गुळगुळीत होतो. मुंग्या आणि शेजारच्या कोंबड्या यांचा विचार तुम्हीच करा.

परदेशात धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. इथे नको. खाऱ्या हवेने बेअरिंग आधीच गंजतात, त्यात आणखी मीठ कशाला.

माझ्या मते नुसतं पाणीच, पण मोजून. २० बाय १२ मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे २४० लिटर. म्हणजे एक मोठं पिंप मारूनही जेमतेम मिलिमीटरभर ओल. एकदम ओतण्यापेक्षा झारीने तीन वेळा, प्रत्येक वेळी वरची चमक जाईपर्यंत थांबून. बूट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माती तळव्याला चिकटत नाही, तेव्हा गाडी सोडायची.

---

लाल_माती
६ डिसेंबर, दुपारी ३:०५

खळ्यासारखं शेणाने सारवलं तर?

---

खळेकर
६ डिसेंबर, दुपारी ३:२२

माणसं बसायला उत्तम. गाडीसाठी नाही. शेणातल्या गवताच्या तंतूंमुळे वरचा थर पापुद्रा बनतो आणि ब्रेकच्या जागी सोलून निघतो. सोललेल्या आणि न सोललेल्या जागी ग्रीप वेगळी. कुठलाच टायर दोन्हीवर चालत नाही.

---

अडाणी_प्रश्न
६ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

टायरला 'सॉस' लावतात म्हणे. आणि हेच टायर पुळणीवर चालतील का?

---

पिन_बदल
६ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

सॉस म्हणजे रबर वरवर मऊ करणारं द्रव. हॉलमधल्या स्वच्छ मातीवर उपयोगी. लावून १० ते १५ मिनिटं ठेवायचं, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं. धुळकट लाल मातीवर मात्र ओलसर टायर पहिल्याच फेरीत धूळ धरतो आणि पीठ लावलेल्या लाटण्यासारखा होतो. काही ठिकाणी स्पर्धेत सॉसला बंदी असते, नियम आधी विचारा. फ्लेवर मात्र विचारू नका.

त्यापेक्षा नवा टायर घासून घ्या. रिमसकट ड्रिलला बसवायचा, कमी वेगात फिरवायचा आणि ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फळीला लावून हलका टेकवायचा. वरची चमक आणि साच्याच्या शिवणी गेल्या की थांबा. अजून खाली नेलंत तर अर्धा झिजलेला टायर तयार, खळेकरांचा 'तिसरा जोड'. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडकं हवं, रबराची भुकटी फार उडते.

पुळणीवर हे टायर नकोत. छोट्या पिना कोरड्या वाळूत क्षणात भरतात आणि गाडी स्वतःची कबर खणते. वाळूला मागे वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे टायर आणि पुढे मधे धारेची एक पट्टी असलेले लागतात. ओली वाळू तर त्याहून वाईट, खारं पाणी मोटर आणि बेअरिंगमध्ये गेलं की गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल सोडेपर्यंत गंजायला लागलेलं असतं.

---

सुरमई_तवा
६ डिसेंबर, रात्री ८:०५

टायर ठेवायचे कसे हेही लिहून टाकतो. पाणी, साधा साबण, नखाचा ब्रश. पेट्रोल आणि थिनर नको, रबर फुगतं. उन्हात नाही, सावलीत वाळवा. कोरडे झाल्यावर झिपच्या पिशवीत, एकावर एक चेपून नाही. पिशवीवर मार्करने कंपाउंड, फोम आणि किती हीट चालवला ते लिहा. काळे टायर काळ्याच पिशव्यांत ठेवले की पुढच्या मोसमात हिरवं कुठलं आणि निळं कुठलं हे नखाने दाबून ओळखत बसावं लागतं.

---

लाल_माती
६ डिसेंबर, रात्री ९:३०

मागवायची यादी अशी करतोय: मागे दाट मध्यम पिना हिरव्यात दोन जोड (त्यातला एक ड्रिलवर अर्धा घासणार), छोट्या दाट पिना निळ्यात एक जोड, पुढे पट्ट्यांची नक्षी हिरव्यात एक आणि निळ्यात एक, बंद पेशींचे फोम सगळ्यांना. काही राहिलं?

---

पिन_बदल
६ डिसेंबर, रात्री ९:४१

पुढचे हिरवे मागच्या निळ्यांसोबत लावायचे नाहीत, एवढं पिशवीवर लिहा. आणि रिम मोजा, प्रत्येक जोडाला स्वतंत्र रिम लागते. लोक टायर मागवतात आणि रिम विसरतात.

---

वायच_थांब
६ डिसेंबर, रात्री ९:५५

मऊ केरसुणी पण लिव्हा यादीत.